रक्तदाबाची वही

आयुष्यातील सदतीस वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासण्यात घालविली. पुसून पुन्हा लिहिलेला आकडा, प्रगतिपुस्तकात तिनाचा केलेला आठ, बापाच्या सहीची मुलाने उठविलेली नक्कल, हे सारे आमच्या नजरेतून सहसा सुटत नसे. आणि त्याबद्दल आम्ही पुष्कळ मुलांस अंगठे धरून उभे केले. अशा मनुष्याची वही उतारवयात तपासली जावी, ती त्याच्या नातीने तपासावी आणि तीत नेमकी तसलीच लबाडी सापडावी, हा योग आमच्या नशिबी होता. तो प्रसंग सांगताना संकोच वाटतो. परंतु ज्या घरात साठी उलटलेली माणसे आहेत, त्या प्रत्येक घरात अशी एखादी वही आज ना उद्या येणारच, हे ध्यानी घेऊन तो सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे वडिवळे गाव मावळ तालुक्यात, कामशेतच्या बाजूस आहे. कामशेत गाठले की पुण्याची लोकल मिळते; लोणावळाही तेथून फारसे दूर नाही. तरी पण आषाढ-श्रावणात डोंगर ढगांत बुडाले, खाचरे भरली आणि पायवाटांचा चिखल झाला, म्हणजे वृद्ध मनुष्यास कामशेत हेही परमुलखासारखे वाटू लागते. घरात आम्ही, आमचे कुटुंब, वडीलबंधूंच्या मागे राहिलेल्या आमच्या वहिनी, मुलगा, सूनबाई, पुतण्या, त्याची पत्नी आणि तीन नातवंडे मिळून दहा माणसे आहेत. मुलगा नोकरीसाठी पुण्यास जा-ये करतो, पुतण्या इंद्रायणी भाताची शेती पाहतो. स्वयंपाक सर्वांचा एकत्र होतो.

आमच्या वडीलबंधूंना सारा गाव दादा म्हणत असे. ते आसपासच्या गावांत पौरोहित्य करीत. वाणी इतकी स्वच्छ की रुद्राची आवर्तने चालू झाली म्हणजे रस्त्याने जाणारा मनुष्य क्षणभर थांबे. त्यांस रक्तदाबाचा विकार असल्याचे २०११ साली कळले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिने त्यांनी त्या घेतल्या आणि पुढे सोडून दिल्या. "मला काही होतच नाही, तर औषध कशाचं घेऊ?" असा त्यांचा प्रश्न असे, आणि घरातील आम्ही शिकलीसवरलेली माणसेही त्याचे उत्तर देत नसू.

त्याचे उत्तर २०१६ च्या श्रावणात मिळाले. एका रात्री जेवताना दादांच्या हातातील घास निसटला. बोलणे जड झाले. बाहेर मुसळधार पाऊस लागला होता. आम्हीच म्हणालो, "पित्त खवळलं असेल, उजाडल्यावर पाहू." उजाडल्यावर त्यांस नेले, तेव्हा अर्धांगवायूने आपले काम पुरे केले होते. त्यानंतर दादा तीन वर्षे जगले. त्यांस सारे समजत असे. परंतु मनात आलेला शब्द जिभेवर येत नसे. सकाळी डाव्या हाताने कसेबसे आचमन करून ते संध्येस बसत. गायत्रीचा आरंभ होई, पुढला शब्द येत नसे, आणि मग ते आमच्याकडे पाहत. त्यांचे ते पाहणे आम्हांस अजून विसरता येत नाही.

इतके डोळ्यांदेखत घडूनही आम्ही शहाणे झालो नाही, हे कबूल केले पाहिजे. तालुक्याच्या गावी एका आरोग्य शिबिरात २०२३ च्या प्रारंभी आम्ही सहज दंड पुढे केला, तेव्हा यंत्राने १७६ आणि १०४ असे आकडे दाखविले. थोड्या वेळाने पुन्हा मोजले, तरी आकडे तसेच. आमचे डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, चढण चढताना दम लागत नव्हता. मनात पहिला विचार आला तो दादांचाच होता: आपल्याला काही होत नाही, मग हे यंत्रच बिघडलेले असावे!

या विकाराचे कपट आहे ते येथेच. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते, तेव्हा रोहिण्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा; हृदय सैल पडून पुन्हा भरू लागते, त्या वेळी उरलेला दाब तो खालचा आकडा. हा दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या नाजूक वाहिन्या झिजत जातात. आणि बहुतेकांस त्याची यत्किंचितही जाणीव होत नाही. ताप अंगाला लागतो, दाढ दुखते. हा विकार मोजल्यावाचून कळतच नाही.

मोजण्याची विद्या मात्र फार उशिरा आली. आपल्या शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. परंतु बोटांना लागलेली नाडी आकड्यात सांगता येत नाही. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसविल्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढले होते. मनुष्यावर हा प्रयोग कोण करून घेणार? १८९६ साली रिवा-रोची या इटालियन वैद्याने दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याने दाब मोजला, आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन वैद्याने पट्ट्याखालील रोहिणीचा आवाज नळीने ऐकून दोन्ही आकडे निश्चित करण्याची रीत घालून दिली. आमच्या शेजारी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. आसने करताना रक्तदाब कसा बदलतो, हे यंत्र लावून पाहण्याचे प्रयोग त्यांनी त्याच दशकात केले. योगासारख्या प्राचीन विद्येलाही मोजमाप लावून पाहण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

मोजता येऊ लागले तरी उपाय हाती नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले, तेव्हा त्यांचा दाब ३०० आणि १९० असा नोंदला गेला होता. तेवढ्या सामर्थ्यवान पुरुषाजवळही या विकारावर खात्रीचे औषध नव्हते. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या देशातील सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर पाहून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५७ साली त्यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. आज त्याहून सौम्य आणि खात्रीची औषधे स्वस्तात मिळतात. तेव्हा ही कथा वाचून कोणी स्वतःच्या मनाने सर्पगंधा उगाळून घेऊ नये. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, जे रूझवेल्टना लाभले नाही ते आज खेड्यातील पेन्शनर मास्तरास लाभते. मग तो मास्तर त्याचे काय करतो ते पाहा.

मुलाने आम्हांस पुण्यास नेऊन एका डॉक्टरीणबाईंना दाखविले. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, डोळे अशी सारी तपासणी झाली, आणि एक गोळी सुरू झाली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दर वेळी वडिवळ्याहून यायला नको. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, वहीत आकडे लिहा, आणि महिन्यातून एकदा मोबाइलवर मला दाखवा." दुरून चिकित्सा करण्याविषयी भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत, नियमावली काढली, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टरांनी अशा रीतीने रुग्ण पाहण्याला नियमांचा स्पष्ट आधार मिळाला. ज्यांस ओळखीचे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही सेवा आहे. तीत रुग्णास घरूनही डॉक्टरांशी बोलता येते, किंवा आरोग्य उपकेंद्रात जाऊन तेथील अधिकाऱ्यांमार्फत दूरच्या डॉक्टरांपुढे बसता येते. त्यास मोल पडत नाही.

आमच्या घरी मोबाइलला रेंज मिळते ती माडीच्या उत्तरेकडील खिडकीशी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही धूतवस्त्र नेसून, चष्मा पुसून, वही घेऊन तेथे बसू लागलो. पहिल्या महिन्यात आकडे जसे आले तसे लिहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून जास्त आहे. पुढच्या महिन्यापर्यंत पाहू; नाहीतर दुसरी गोळी जोडावी लागेल."

दुसरी गोळी! हे दोन शब्द आमच्या मनात घर करून बसले. एका गोळीचा मनुष्य निरोगी आणि दोन गोळ्यांचा रोगी, असा काही विचित्र हिशेब आम्ही मनाशी मांडला. मग सकाळी आकडा अधिक आला तर आम्ही पुन्हा मोजीत असू. तो अधिक आला तर पुन्हा. चारांतील सर्वांत लहान आकडा वहीत जाई. पुढे तेवढ्यानेही भागेना, तेव्हा एक दिवस १४८ च्या जागी १३८ लिहिले. हात किंचित थरथरला. पण दुसऱ्या दिवशी तोही थरथरला नाही. महिनाअखेर वही पाहून डॉक्टरीणबाई प्रसन्न झाल्या. "छान! हीच गोळी चालू ठेवा," असे म्हणाल्या. आणि वाचकहो, खोटे सांगत नाही, पहिला नंबर आलेल्या मुलासारखा आनंद आम्हांस झाला!

आमची थोरली नात तेव्हा नववीत होती. सांख्यिकीच्या धड्यासाठी तिला घरातील एखाद्या गोष्टीचे आकडे जमवून आलेख काढायचा होता. तिने आमची वही नेली आणि यंत्रही नेले. कारण यंत्र मोजलेला प्रत्येक आकडा दिवस-वेळेसह स्मरणात ठेवते, ही गोष्ट तिला ठाऊक होती, आम्हांस नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी ती आमच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, मंगळवारी यंत्रात चार आकडे आहेत: १६२, १५६, १५१ आणि १४८. वहीत १३८ आहे. तो यंत्रात कुठेच नाही."

आम्ही काही बोललो नाही. तिनेही पुढे काही विचारले नाही. पोर शहाणी, तिने यंत्र देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवले आणि ती आत गेली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ज्या मुलांस आम्ही अंगठे धरावयास लावले, त्यांपैकी एक मुलगा सारखा डोळ्यांपुढे येत होता. त्याने तिनाचा आठ केला होता. का केला, असे आम्ही त्यास विचारले होते. आणि तो "भीती वाटली" एवढेच म्हणाला होता. ते उत्तर त्या वेळी आम्ही ग्राह्य धरले नव्हते. आज सहासष्टाव्या वर्षी आमच्याजवळही दुसरे उत्तर नव्हते. आम्हांस गोळीचे भय नव्हते. आम्हांस दादांच्या त्या पाहण्याचे भय होते. आणि ज्याचे भय तेच ओढवून आणणारी वाट आम्ही आपल्या हातांनी आखीत होतो.

पुढील रविवारची वाट न पाहता आम्ही डॉक्टरीणबाईंशी बोललो आणि सर्व हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, इथून मला तुमची नाडी धरता येत नाही. तुम्ही लिहाल तेवढंच मला दिसतं. महिनाभर मी तुम्हाला नाही, त्या वहीला औषध देत होते."

हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविले आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी आणावयास गेलेल्या मारुतीस वनस्पती ओळखता आली नाही, तेव्हा त्याने अख्खा पर्वत उचलून आणला आणि निवड वैद्यावर सोपविली. आम्ही मात्र पर्वतावरचे आपल्या सोयीचे एकच पान खुडून वैद्यापुढे धरीत होतो. वैद्य समोर असेल तर तो आपला चेहरा वाचतो, हात लावून पाहतो, खोटे बोललेले ओळखतो. तो दूर असेल तर त्यास आपल्या शब्दावाचून दुसरा आधार नाही. यास्तव वैद्यापासूनचे अंतर जितके वाढते, तितकी रुग्णावर खऱ्याची जबाबदारी अधिक पडते.

नंतर आठवडाभर आम्ही यथाशास्त्र मोजणी केली. ती रीत येथे देतो, कारण पूर्वी आम्ही सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, पुतण्याशी भाताच्या लावणीविषयी बोलत मोजीत असू. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, श्रम वर्ज्य. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर, दंडाच्या जाडीस योग्य अशा मापाचा असावा; हात मेजावर हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावे. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि सायंकाळी, असे सात दिवस करून, पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५ आणि ८५ किंवा त्याहून अधिक राहिली, तर ती डॉक्टरांस दाखवावी. एखाद्या आकड्याने हुरळू नये, एखाद्याने घाबरू नये. दवाखान्यात डॉक्टरांस पाहूनच काहींचा दाब चढतो, तर काहींचा तेथे ठीक आणि घरी अधिक असतो. म्हणूनच घरच्या आठवड्याभराच्या नोंदीस मोल आहे.

आमची सरासरी १५६ आणि ९४ भरली. नातीनेच ती काढली. दुसरी गोळी सुरू झाली, आणि सहा आठवड्यांनी सरासरी १३१ आणि ८० वर आली. औषधांची नावे मुद्दाम देत नाही. एकाची गोळी दुसऱ्याने उसनी घेण्याची खोड आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेल्या कित्येक वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवितात, हे येथेच सांगून ठेवतो.

मिठाचा प्रश्न मात्र एकट्याचा नव्हता. दिवसाला एका मनुष्याला पाच ग्रॅमांहून कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी लोणची, पापड, सांडगी मिरची यांच्या बरण्या आणि डबे हे गृहिणींचे वैभव! एकट्या आमच्यासाठी वेगळी आमटी करण्याची तयारी सूनबाईंनी दाखविली. आम्ही नको म्हटले. सर्वांच्याच आमटीतील मीठ दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावयाचे, पानात डावीकडे वाढावयाचे मीठ रीतीपुरते चिमूटभर, आणि पापड सणावारी, असे ठरले. पहिले पंधरा दिवस मुलांनी तोंडे वेडीवाकडी केली. पुढे एकदा बाहेर जेवून आल्यावर तीच म्हणाली, "किती खारट होतं तिथलं!"

याच सुमारास एका रविवारी नातीने घरातील सर्वांचे दंड मोजावयास घेतले. वहिनी स्वयंपाकघरातून येईनात. "माझं काय मोजता? मला काय झालंय?" त्यांचे हे शब्द कानी पडताच आम्ही उठून उभे राहिलो. दादांचेच शब्द! आग्रहाने बसविले, तो आकडा आला १६८. आठवड्याची सरासरी १६२ आणि ९२. ज्या बाईने तीन वर्षे नवऱ्यास घड्याळाच्या काट्यावर औषधे पाजली, तिचा स्वतःचा दंड या घरात कोणी एकदाही मोजला नव्हता. आणि वडीलपणाच्या नात्याने त्यात पहिला दोष आमचा. वहिनींस उपकेंद्रात नेले. तेथील अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजून, पडद्यावर डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून दिली. त्यांची गोळी आता आमच्या गोळीबरोबर, सकाळच्या चहाआधी निघते.

एक इशारा दिल्यावाचून लेख संपविता येत नाही. दुरून चिकित्सा ही रोजच्या देखरेखीसाठी आहे, संकटसमयासाठी नव्हे. तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, छातीत दुखू लागले, एकाएकी दम लागला किंवा दिसेनासे झाले, तर यंत्र आणि मोबाइलचा पडदा यांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आमच्या दादांचे ते तास आमच्या पित्ताच्या निदानात गेले.

आता कोनाड्यात एकाऐवजी दोन वह्या आहेत, एक आमची आणि एक वहिनींची. महिन्याच्या पहिल्या रविवारी नात दोन्ही वह्या यंत्राशी ताडून पाहते आणि खाली तांबड्या शाईने सही करते. गेल्या महिन्यात आमचा एक आकडा १५२ आला होता. तो आम्ही तसाच लिहिला. तिने त्यावर बोट ठेवून आमच्याकडे पाहिले आणि समासात 'बरोबर' अशी खूण केली. इतक्या वर्षांत आम्ही असंख्य वह्यांवर ती खूण केली असेल. आपल्या वहीवर ती मिळाल्याने काय वाटते, ते आम्हांस त्या दिवशी कळले.